नळदुर्गचा साहेब आणि विभूतिहळ्ळीचे धोंडे

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की तासाभरात नळदुर्ग येते. पावसाळ्यात बोरी नदी भरून वाहू लागली की धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्यावर माणसांची रीघ लागते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात नदीला घातलेला दगडी बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी हे दोन धबधबे पाहून लोक उपळी बुरुजावर चढतात, चारी दिशांना पसरलेला काळ्या मातीचा मुलूख न्याहाळतात आणि परततात. याच किल्ल्यात १८५३ ते १८५७ या काळात एक इंग्रज अधिकारी राहत होता आणि इथूनच तो सारा जिल्हा चालवीत होता, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक म्हणून जग त्याला ओळखते. परंतु नळदुर्गला येण्यापूर्वीच त्याने आणखी एक काम करून ठेवले होते, आणि ते त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा अधिक टिकले असे म्हणावयास जागा आहे. दख्खनच्या माळावर हजारो वर्षे उभ्या असलेल्या, कोणी मांडल्या ते कोणालाच ठाऊक नसलेल्या दगडांची मोजमापे त्याने प्रथम कागदावर उतरविली होती.

ते दगड पाहावयाचे तर नळदुर्गहून कलबुर्गीमार्गे दक्षिणेला, भीमेच्या पलीकडे, आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात असलेल्या शहापूरपर्यंत जावे लागते. निजामाच्या राज्यात हा सारा मुलूख एकाच छत्राखाली होता; आजची राज्यांची सीमा तेव्हा नव्हती. शहापूरच्या डोंगररांगेला लोक निजलेला बुद्ध म्हणतात, कारण लांबून ती आडव्या पहुडलेल्या माणसासारखी दिसते. त्या डोंगराच्या परिसरात विभूतिहळ्ळी नावाचे खेडे आहे. गावाबाहेरच्या सपाट रानात सुमारे बारा एकरांवर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे ओळीने मांडलेले आहेत. मनोऱ्यासारखे उंच सुळके इथे नाहीत. बहुतेक धोंडे ओबडधोबड आणि बसके आहेत. एकट्या धोंड्याकडे पाहिले तर तो डोंगरावरून घरंगळत आला असावा असेच वाटेल. पण ओळीत उभे राहून नजर टाकली की धोंड्यामागे धोंडा सरळ रेषेत लागलेला दिसतो. आणि तिरपे पाहिले तरी तसाच. बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने आज ती संरक्षित स्मारक म्हणून आपल्या ताब्यात घेतली आहे.

या मांडणीपर्यंत टेलर पोहोचला तो कोणत्याही विद्यापीठाच्या वाटेने नव्हे. त्याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला झाला. वडिलांचा व्यापार बुडाला आणि शाळा अर्धवट सोडून मुलाला कारकुनी धरावी लागली. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे धाडण्यात आले; पुढे पेढीत भागीदारी मिळेल, अशी आशा घरच्यांना दाखविली होती. १८२४च्या सप्टेंबरात मुंबईत उतरल्यावर कळले की पेढीच कर्जात बुडालेली आहे. आईकडचे एक नातलग मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या शब्दावर निजामाच्या फौजेत जागा मिळाली, आणि सोळा वर्षांचा हा पोरगा औरंगाबादला रुजू झाला.

ही गोष्ट लहान वाटली तरी तिने त्याच्या आयुष्याला कायमचे वळण दिले. तो कंपनी सरकारचा नोकर कधीच झाला नाही; निजामाचा झाला. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या लेखी अशा माणसाची पायरी खालचीच. बढत्या हुकल्या, त्याने केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्यांना गेले. मात्र त्यामुळेच त्याला इथल्या माणसांत मिसळावे लागले. हिंदुस्थानी, फारसी, मराठी या भाषा तो शिकला. कायदा, मोजणी, स्थापत्य, भूगर्भशास्त्र हे सारे त्याने नोकरी करता करता, पुस्तके मागवून, स्वतःच्या स्वतः आत्मसात केले. चित्रकलेचा हात मुळातच चांगला होता. ज्याला कोणी शिकवावयास नसते तो डोळ्यांवर भिस्त ठेवतो, तसे त्याचे झाले.

विशीत असतानाच त्याला पोलिसांचे काम मिळाले. निजामाच्या राज्याचा नैर्ऋत्येकडचा मुलूख त्याच्याकडे होता; आजच्या धाराशिव जिल्ह्याचा काही भागही त्यात येई. घोड्यावरून गावोगाव हिंडताना तुळजापूर त्याने तेव्हाच पाहिले. वाटसरूंचे मुडदे सापडत, खुनी मात्र सापडत नसत. हे एखाद्या संघटित टोळीचे काम आहे असा संशय त्याला आला आणि त्याने चौकशी आरंभली. ती हाती लागते न लागते तोच त्याला फौजेत परत बोलावण्यात आले. पुढे हा छडा स्लीमनने लावला आणि ठगांचा बीमोड करणारा म्हणून इतिहासात त्याचे नाव झाले. ही सल टेलरच्या मनात जन्मभर राहिली. पुढे ठगांचे कबुलीजबाब घेण्याचे काम त्याच्याकडेही आले. रजेवर मायदेशी असताना त्याने त्यांतून कादंबरी रचली. ती १८३९ साली निघाली आणि तुफान खपली. छापखान्यातून निघणारी पाने राणी व्हिक्टोरिया पुस्तक बाहेर पडण्याआधीच मागवून वाचत असे, असे सांगतात. ठगी खरोखर किती होती आणि इंग्रजी अंमलाने ती किती फुगवून सांगितली, याबद्दल आजचे इतिहासकार शंका घेतात. त्या वादात ही कादंबरीही ओढली जाते, आणि ते योग्यच आहे.

दरम्यान १८३२ मध्ये हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. पामर यांची आई हिंदुस्थानी मुसलमान घराण्यातली. म्हणजे टेलरच्या मुलींच्या अंगात इथले रक्त होते. मेरी १८४४ साली वारली. टेलरने पुन्हा लग्न केले नाही.

त्यावेळी तो सुरपूरला होता. कृष्णा आणि भीमा यांच्यामधले हे बेरडांचे लहानसे संस्थान. राजा वारलेला, वारस अज्ञान, राणी ईश्वरम्मा हट्टी आणि तडफदार, दरबारात तट पडलेले, तिजोरीत खडखडाट. १८४१ साली टेलरला तिथे धाडले गेले आणि १८५३ पर्यंत संस्थानचा कारभार त्याने पाहिला. हिशेब लावले, रस्ते काढले, तलावांची डागडुजी केली, डोंगरावर स्वतः आराखडा काढून बंगला बांधला. सुरपूरचे लोक त्याला टेलर मंझिल म्हणतात. अज्ञान राजा व्यंकटप्पा नायक याला त्यानेच लहानाचे मोठे केले. मुलगा त्याला अप्पा म्हणे.

दौऱ्यावर असताना त्याच्या नजरेस दगड पडू लागले. राजनकोळूर गावाबाहेर चार-चार शिळांची घरे होती: तीन बाजूंना उभ्या शिळा, वर एक प्रचंड छप्पर. काही घरे चौथ्या बाजूनेही बंद, आणि त्या शिळेला एक गोल भोक. गावकरी त्यांना मोऱ्यांची घरे म्हणत; हे मोरे म्हणजे पूर्वी होऊन गेलेली ठेंगणी माणसे, अशी समजूत होती. टेलरने ही समजूत टिपून घेतली आणि मग आतली माती चाळावयास घेतली. उघड्या घरांत काही मिळाले नाही. बंद घरांत राख आणि मडकी सापडली. भीमेकाठी जेवर्गीजवळ दगडांची वर्तुळे आणि त्यांत दगडगोट्यांचे ढीग होते. त्यांतले काही त्याने उकरले. खाली शिळांच्या पेट्या लागल्या. पेट्यांत माणसांचे सांगाडे, लाल-काळी मडकी, लोखंडी हत्यारे. काही ठिकाणी मुंडकी धडापासून वेगळी ठेवलेली होती. त्यावरून मोठ्या माणसाच्या अंत्यसंस्कारात इतरांचे बळी दिले जात असावेत, असा तर्क त्याने केला.

दफने उकरणारे साहेब त्या काळी आणखीही होते. बहुतेकांना हवे असे ते आत काय निघते तेवढेच. भांडे अख्खे निघाले की ते घरी न्यावयाचे आणि खड्डा तसाच सोडून द्यावयाचा. टेलरने खड्ड्याची उभी कापलेली बाजू पाहिली. वरची माती, मधले दगडगोटे, खालची भर, शिळांची पेटी, पेटीतला सांगाडा हे थर एकाखाली एक जसे दिसले तसे त्याने मापानिशी रंगवले, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती तेही दाखवले. आज पुरातत्त्वाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हेच शिकतो. १८५०च्या सुमारास हे करणारा माणूस हिंदुस्थानातच काय, युरोपातही विरळा होता. शंभर वर्षांनी सर मॉर्टिमर व्हीलर यांनी टेलरच्या या रेखाटनांची मुद्दाम दखल घेतली. व्हीलर कोणाची स्तुती सहजी करणाऱ्यांतले नव्हते, आणि १९४७ साली कर्नाटकात ब्रह्मगिरीला उत्खनन करून दक्षिणेतल्या या दफनांचा कालक्रम लावण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न त्यांचाच होता.

विभूतिहळ्ळीला उकरण्यासारखे काही नव्हते. तिथे नुसती मांडणी होती. टेलरने ओळी मोजल्या, धोंड्यांमधली अंतरे मोजली. ती साधारण वीस फुटांची भरली. मग साऱ्या चौकोनाचा आराखडा काढला. सुरपूरच्या या अवशेषांविषयीचे त्याचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले गेले. त्यांतला मुख्य १८५३ सालचा. पुढे १८६२ मध्ये डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीपुढे त्याने हा विषय अधिक विस्ताराने मांडला.

मात्र या निबंधांतून त्याने जो निष्कर्ष काढला तो साफ चुकला. इंग्लंडात, आयर्लंडात, फ्रान्समधल्या कार्नाक येथे अशाच शिळा आहेत. त्या प्राचीन ड्रुइड पुरोहितांच्या, असे तेव्हा मानले जाई. दख्खनमधल्या आणि युरोपातल्या शिळा इतक्या सारख्या, तर त्या उभारणारे लोकही एकच असले पाहिजेत. मध्य आशियातले सिथियन लोक दोन्हीकडे पसरले असणार, असे टेलरने ठरवून टाकले. सिथियन-ड्रुइड हा शब्द त्याने आपल्या निबंधाच्या मथळ्यातच घातला. ही कल्पना आज कोणी मानत नाही. युरोपातली बहुतेक महापाषाणी स्मारके दख्खनमधल्यांपेक्षा हजारो वर्षांनी जुनी. दक्षिणेतली दफने लोहयुगातली, बव्हंशी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे जी शिळावर्तुळे आहेत तीही याच काळातली. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेल्या उत्खननांतून घोड्यांचे अलंकार, लोखंडी कुऱ्हाडी, लोखंड गाळण्याची भट्टी असा ऐवज उजेडात आला आणि हे लोक इथल्याच मातीत नांदत होते हे दिसून आले. टेलरच्या हाती यांतले काहीच नव्हते. कार्बन पद्धतीला अजून शतकभर अवकाश होता. तरी दोन दगड सारखे दिसतात म्हणून ते मांडणारेही एकच, ही उडी त्याच्यासारख्या सावध माणसाने मारावयास नको होती.

विभूतिहळ्ळीचे कोडे अजून पुरते उकललेले नाही. रेमंड ऑल्चिन यांनी १९५६ साली या मुलखातल्या अशा अनेक मांडण्यांचा एकत्र विचार केला. पुढे काही खगोल अभ्यासकांनी असे दाखविण्याचा प्रयत्न केला की ठरावीक ओळींतून पाहिले असता ठरावीक दिवशी सूर्य उगवताना किंवा मावळताना दिसतो, आणि हे कालगणनेचे साधन असावे. त्यात तथ्य असेलही. पण शेकडो धोंडे असले की कोणती ना कोणती ओळ सूर्याच्या दिशेला लागणारच, हेही ध्यानात ठेवावे लागते. दीडशेहून अधिक वर्षांत कित्येक धोंडे जागचे हलले आहेत, काही फुटले, काही नाहीसे झाले. अशा वेळी कोणता धोंडा मूळ जागी होता हे ठरवताना अभ्यासक अजूनही टेलरच्या जुन्या नोंदींकडे वळतात.

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. व्यंकटप्पा वयात आला म्हणून टेलरने सुरपूरचा कारभार त्याच्या हाती दिला. त्याच वर्षी फौजेच्या खर्चापायी निजामावर चढलेल्या कर्जाच्या बदल्यात इंग्रजांनी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पट्टा आपल्याकडे घेतला. नळदुर्गचा जिल्हा टेलरला मिळाला. मुक्काम किल्ल्यातच होता. जमिनीची मोजणी सुरू झाली. मोजणीदार बाहेरून न आणता त्याने इथलीच पोरे शिकवून तयार केली. रस्ते आखले गेले. या किल्ल्याचे आणि पाणीमहालाचे त्याने आत्मचरित्रात केलेले वर्णन पुढे जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही उचलून घेतले. नळदुर्ग आणि तुळजापूर हीच पुढे त्याच्या ‘तारा’ या कादंबरीची भूमी झाली. आई तुळजाभवानीला वाहिलेली एक ब्राह्मण मुलगी आणि अफझलखानाचा मुलगा यांची ही कथा १८६३ साली प्रसिद्ध झाली. शिवकाळाकडे पाहण्याची तिच्यातली दृष्टी मराठी वाचकाला ठिकठिकाणी खटकेल. पण तुळजापूरच्या घाटाचे, देवळाच्या पायऱ्यांचे, बाजाराचे जे चित्र तिच्यात आहे ते तिथे राहिलेल्या माणसाचेच आहे. १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या लिहाव्यात असे त्याने योजले होते, आणि ते पुरेही केले.

१८५७च्या ऑगस्टमध्ये त्याला तातडीने वऱ्हाडात बुलढाण्याकडे पाठविण्यात आले. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला, आणि टेलरच्या हाताशी म्हणण्यासारखी फौज नाही. तरीही वऱ्हाड शांत राहिले.

सुरपूर मात्र शांत राहिले नाही. पाच वर्षांत व्यंकटप्पाने टेलरने जमवलेली घडी विस्कटून टाकली होती. सावकारांचे देणे वाढले होते, भोवती बंडाची भाषा बोलणारे जमले होते. १८५८च्या फेब्रुवारीत सुरपूरवर चालून आलेल्या इंग्रजी तुकडीवर राजाच्या बेरडांनी, अरबांनी आणि रोहिल्यांनी हल्ला केला. कॅप्टन न्यूबेरी पडला. मग कुमक आली, राजा पळाला आणि हैदराबादच्या बाजारात पकडला गेला. सिकंदराबादच्या तुरुंगात त्याची भेट घेण्यास रेसिडेंटने टेलरलाच बोलावले. राजा त्याच्या गळ्यात पडून रडला. आपल्याबरोबर आणखी कोण होते हे सांगितलेस तर शिक्षा हलकी होईल, असे त्याला सुचविण्यात आले होते. त्याने एकही नाव घेतले नाही, आणि टेलरनेही त्यासाठी जोर लावला नाही.

फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली, आणि शेवटी गव्हर्नर जनरलने ती मद्रासजवळच्या चिंगलपेटच्या किल्ल्यात चार वर्षांच्या कैदेवर आणली. नीट वागला तर राज्यही परत मिळण्याची आशा होती. चिंगलपेटच्या वाटेवर पहिल्याच मुक्कामात, बरोबरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. चाप त्याने स्वतःच ओढला, असेच सर्वांनी मानले. त्याच्या जन्माच्या वेळी वर्तविलेल्या भविष्याची टेलरला आठवण झाली: चोविसाव्या वर्षी हा राज्य गमावील आणि मरेल. ते राणीला, एका ब्राह्मणाला आणि टेलरला ठाऊक होते. टेलर भविष्यांवर विश्वास ठेवणारा नव्हता, तरी आत्मचरित्रात त्याने ही हकीकत टाळली नाही. राजाच्या मृत्यूनंतर सुरपूरची व्यवस्था लावण्यास त्यालाच नेमण्यात आले, आणि १८४१ साली जे राज्य एका मुलासाठी राखावयास तो आला होता, तेच निजामाच्या हवाली करण्याची तयारी त्याला करावी लागली. नळदुर्गचा जिल्हाही १८६०च्या तहाने निजामाकडे परत गेला.

त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने टेलरने हिंदुस्थान सोडला आणि डब्लिनजवळ घर केले. तिथे लेखन चालू राहिले. ‘सीता’ १८७२ साली निघाली; तिच्यात एक इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो, आणि बंड होऊन वर्षे उलटली तरी ही गोष्ट इंग्रज वाचकाला रुचण्यासारखी नव्हती. हळूहळू दृष्टी जाऊ लागली. ज्याने सारे आयुष्य पाहण्यावर आणि रेखाटण्यावर काढले त्याला अखेरच्या काळात दुसऱ्याच्या हाताने लिहावे लागले. कन्या ॲलिस त्याचा आधार होती. १८७५ साली सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादला आला. तिथे तापाने खिळला आणि उरलीसुरली नजरही गेली. मायदेशी परतताना दक्षिण फ्रान्समधल्या मंतों या गावी १३ मे १८७६ रोजी त्याला मृत्यू आला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी ॲलिसने प्रसिद्ध केले. चांदबीबीवरची कादंबरी १८७८ मध्ये निघाली.